टेक्सासच्या पेपरात सांगलीचं उत्तर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताईंचं वय ४२. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आठ वर्षं एलआयसीची एजन्सी केली, चांगला धंदा करणाऱ्या एजंटांच्या क्लबच्या मेंबर होत्या, शाखेत मान होता. तीन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे डॅलसजवळच्या एका उपनगरात राहायला आल्या. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर कामाची परवानगी मिळाल्यावर त्यांनी टेक्सास राज्याच्या विमा परवान्याची परीक्षा दिली. विषय आयुर्विमा, अपघात आणि आरोग्य. पहिल्यांदा ६१ गुण, दुसऱ्यांदा ६६. उत्तीर्ण व्हायला ७० लागतात. त्या लिहितात, “गावाकडे लोक माझ्याकडे विम्याचं विचारायला यायचे आणि इथे मी विम्यातच नापास. माझं इंग्रजीच कच्चं आहे.” ओळखीच्या एक बाई त्यांना आपल्या टीममध्ये घ्यायला उत्सुक आहेत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नेमके हेच प्रश्न येतात’ म्हणून एक पीडीएफ पाठवली आहे. पती म्हणतात, दर वेळी फी भरण्यापेक्षा दुसरं काही बघ. तिसऱ्यांदा बसावं का, की नाद सोडावा, असं ताईंनी विचारलं आहे.

नमस्कार ताई,

पत्रासोबत दोन्ही वेळची गुणपत्रकं पाठवलीत, हे फार बरं केलंत. नापास झालेल्या माणसाला कोणत्या विभागात किती कमी पडलं, ते त्या कागदावर छापलेलं असतं. बरेच जण तो कागद पुन्हा उघडूनही बघत नाहीत. मी तुमचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. पॉलिसींचे प्रकार, अर्ज भरून घेणं, अंडररायटिंग (विमा देण्याआधी जोखीम तपासणं) या भागांत तुम्ही दोन्ही वेळा चांगल्या आहात. गुण गेलेत ते पॉलिसीतल्या अटी-तरतुदींत, टेक्सासच्या कायद्यांत आणि आरोग्य विम्याच्या जवळजवळ सगळ्या भागात.

इंग्रजी कच्चं असतं तर गुण सगळीकडे सारखेच घसरले असते. अंडररायटिंगचे प्रश्न काही सोप्या भाषेत विचारत नाहीत, तरी ते तुम्हाला जमले. म्हणून इंग्रजीला दोष देणं मला पटत नाही. उलट मला असं दिसतं की जिथे भारताचा आणि इथला नियम सारखा आहे तिथे तुम्ही पास होताय. जिथे नियम वेगळा आहे तिथे तुमच्या आठ वर्षांच्या अनुभवातून पटकन उत्तर येतं. ते उत्तर सांगलीत बरोबर असतं, पण या पेपरात चुकतं. पेपर काढणाऱ्यांना एलआयसी ठाऊक नसली तरी अर्धवट माहितीला चटकन पटेल असा एक पर्याय ते प्रत्येक प्रश्नात ठेवतातच, आणि तुमच्या बाबतीत तो पर्याय पुष्कळदा भारतातल्या नियमाशी जुळतो.

ठोस उदाहरणं घेऊ, कारण इथेच तुमचे चार-सहा गुण अडकलेत. अर्जात माहिती चुकीची दिली होती, या कारणावरून कंपनी क्लेम कधीपर्यंत नाकारू शकते? तुमच्या डोक्यात तीन वर्षं आहेत, कारण २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तीन वर्षं झाली. इथे उत्तर दोन वर्षं. आत्महत्येचं कलम आपल्याकडे बारा महिन्यांचं, इथल्या अभ्यासात दोन वर्षांचं. हप्ता चुकला तर आपल्याकडे ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५. इथल्या पुस्तकात आयुर्विम्याला ३१ दिवस. ३० आणि ३१ असे दोन्ही पर्याय समोर आले की आठ वर्षं ज्यांनी ‘तीस दिवसांत भरा हं काकू’ असं सांगितलं, त्यांचं बोट आपसूक ३० वर जातं.

नॉमिनीचंही तसंच. आपल्याकडे बराच काळ नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा माणूस असं कायदा धरत आला. आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैसे त्यांचेच, ही सुधारणा २०१५ मध्ये झाली. इथला बेनिफिशियरी पहिल्यापासून स्वतः हक्कदार असतो. त्यात पुन्हा बदलता येणारा आणि न बदलता येणारा, पहिला आणि पर्यायी असे भेद. न बदलता येणाऱ्या बेनिफिशियरीच्या संमतीशिवाय पॉलिसीचा मालक कर्जसुद्धा काढू शकत नाही. या एका मुद्द्यावर पेपरात तीन-चार प्रश्न सहज निघतात. शिवाय टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई पती-पत्नी दोघांची मानतात. त्या कमाईतून हप्ते भरले असतील तर त्या पॉलिसीवर जोडीदाराचा हक्क येऊ शकतो, हेही डोक्यात असू द्या.

मग येतो पैशाचा भाग. मार्च महिन्यात तुमची निम्मी विक्री ‘८०सी’मुळे व्हायची ना? इथे स्वतःच्या आयुर्विम्याच्या हप्त्यावर करात वजावट मिळत नाही. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम मात्र साधारणपणे आयकरमुक्त असते. एंडोमेंट (मुदत संपली की पैसे देणारी) आणि मनी बॅक ही तुमची हातखंडा पॉलिसी, पण अमेरिकेत १९८४ च्या करकायद्याने विम्याची जी व्याख्या केली तिच्यात एंडोमेंट बसेना, आणि तो प्रकार बाजारातून जवळजवळ गेलाच. त्यामुळे पेपरातलं ‘होल लाइफ’ वाचताना मनात मॅच्युरिटीचा चेक आणू नका. इथे त्याच्याकडे आयुष्यभराचं संरक्षण आणि त्यात साठत जाणारी रोख रक्कम म्हणून बघायचं. लॅप्स होऊ घातलेल्या पॉलिसीचं काय करता येतं, याची तीन उत्तरं पाठ हवीत: पॉलिसी मोडून रोख सरेंडर, पुढे हप्ते न भरता चालणारी कमी रकमेची पेड-अप पॉलिसी, आणि तेवढ्याच रकमेचं ठरावीक मुदतीचं टर्म कव्हर. पहिली दोन तुम्हाला झोपेतही येतील. तिसरं आपल्याकडे फारसं वापरात नाही आणि पेपरात नेमकं तेच विचारतात.

दोन गोष्टींवर मला जरा थांबायचं आहे, कारण त्या पेपरापुरत्या नाहीत, पुढे धंद्यातही आड येतील. पहिली, ‘पहिला हप्ता मी भरते, तुम्ही फक्त सही करा’. गावोगावी ही पद्धत चालते. तुम्ही केलं असेल-नसेल, आजूबाजूला पाहिलं नक्की असेल. खरं तर भारतातही १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ ने त्याला बंदी आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. पण कायदा एकीकडे आणि रीत दुसरीकडे, अशी आपल्याला सवय झालेली. टेक्सासच्या पेपरात कमिशनचा भाग ग्राहकाला परत देणं म्हणजे ‘रिबेटिंग’, आणि उत्तर एकच: चालत नाही. ग्राहकाच्या हिताचं सोंग करून जुनी पॉलिसी मोडायला लावणं, दुसऱ्या कंपनीची बदनामी, कर्ज देताना विमा माथी मारणं, यांना प्रत्येकी वेगळं नाव आहे. ही सगळी नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर सांगलीत पाहिलेला एखादा खराखुरा प्रसंग लिहा, व्यक्तीचं नाव न घालता. इथे तुमचा अनुभव उपयोगी पडेल. नवख्याला जी व्याख्या पाठ करावी लागते, तिची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट सरकारी हमीची. एलआयसीच्या पॉलिसीला १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे केंद्र सरकारची हमी आहे आणि ते ग्राहकाला सांगणं तुमचं कामच होतं. इथे कंपनी बुडाली तर राज्याची एक गॅरंटी असोसिएशन असते. टेक्सासमध्ये ती मृत्युदाव्यापोटी एका व्यक्तीमागे तीन लाख डॉलरपर्यंत संरक्षण देते. पण या असोसिएशनचा हवाला देऊन पॉलिसी विकणं एजंटला कायद्याने मना आहे. ‘घाबरू नका, सरकार मागे आहे’ हे वाक्य इथे तुमच्या तोंडून गेलं तर तक्रार होऊ शकते. हा प्रश्न चुकलाच असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

राज्याराज्याचे कायदे वेगळे का, हे कळलं की पाठांतर थोडं हलकं होतं. भारतात हैदराबादची आयआरडीएआय ही एकच विमा नियामक संस्था सगळ्या देशाला पुरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली विमा हा आंतरराज्य व्यापार नाही असं ठरवलं, १९४४ मध्ये ते मत फिरवलं, आणि १९४५ मध्ये संसदेने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचं नियमन पुन्हा राज्यांकडे ठेवलं. म्हणून तुमचा परवाना ऑस्टिनचं टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स देतं. त्याच्या प्रमुखाला कमिशनर म्हणतात आणि त्याची नेमणूक गव्हर्नर करतो. तरी सगळ्या राज्यांच्या नियामकांची १८७१ पासून एक संघटना आहे. ती नमुना कायदे बनवते आणि बहुतेक राज्यं ते थोड्याफार फरकाने घेतात. त्यामुळे पेपराचा मोठा भाग देशभर सारखाच आणि राज्याचा भाग लहान. तो लहान भाग समजून घेण्यापेक्षा घोकण्याचाच आहे. उदाहरणार्थ, क्लेमची सूचना मिळाल्यावर टेक्सासमध्ये कंपनीने १५ दिवसांत पोच द्यायची, सगळी कागदपत्रं आल्यावर कामकाजाच्या १५ दिवसांत होकार-नकार कळवायचा, आणि होकार दिल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत पैसे द्यायचे. पंधरा, पंधरा, पाच. असे आकडे रोज सकाळी एकदा मोठ्याने म्हणा.

आता आरोग्य विमा. इथे तुमच्याकडे जुना अनुभव जवळजवळ नाहीच, म्हणून चुकीच्या सवयीही नाहीत. पण दोन्ही वेळा तुम्ही हा भाग शेवटच्या आठवड्यावर ठेवलात, असं पत्रातच म्हणता. आयुर्विमा आपला हुकमी विषय म्हणून तोच वाचत बसलात. या वेळी उलटं करा, सुरुवात आरोग्यापासून. पुस्तक उघडायच्या आधी पतीच्या कंपनीच्या आरोग्य योजनेचा सारांश मागून घ्या. दरवर्षी योजना निवडायच्या वेळी तो मिळतोच. त्यात डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम), को-पे (दर भेटीची ठरलेली रक्कम), कोइन्शुरन्स (त्यापुढच्या बिलातला तुमचा टक्केवारीतला वाटा), तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा हे सगळं तुमच्याच घराच्या आकड्यांत आहे. समजा दवाखान्याचं बिल १०,००० डॉलर आलं, डिडक्टिबल २,००० आणि पुढे ८०-२० ची वाटणी. आधी २,००० तुमचे. उरलेल्या ८,००० पैकी २० टक्के, म्हणजे १,६०० पुन्हा तुमचे. एकूण ३,६०० तुम्ही आणि ६,४०० कंपनी. घाईत १०,००० चेच २० टक्के काढले की प्रश्न गेला. मागच्या वर्षात घरी आलेली डॉक्टरांची बिलं घेऊन असे दहा हिशेब करा. एचएमओ प्रकारच्या योजनेत आधी ठरलेल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं आणि पीपीओ प्रकारच्या योजनेत थेट तज्ज्ञाकडे जाता येतं, हेही मुलीला डॉक्टरकडे नेताना तुम्ही अनुभवलं असेलच.

मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, मात्र घरचा आधार नाही, ते वाचूनच करायचं. वयाची ६५ वर्षं. त्याचे चार भाग: ए म्हणजे इस्पितळ, बी म्हणजे डॉक्टर आणि बाहेरचे उपचार, सी म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत मिळणारी एकत्र योजना, डी म्हणजे औषधं. मेडिकेअरच्या फटी भरणारी मेडिगॅप पॉलिसी निराळी आणि गरिबांसाठीचं मेडिकेड त्याहून निराळं. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढे मराठी घरांतून तुम्हाला सगळ्यांत जास्त विचारणा याचीच होईल. ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील ६५ वर्षांचे असले तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकत घेता येत नाही, हे किती मुलांना माहीत असतं? अशा घरात शांतपणे बसून, आजी-आजोबांशी मराठीत बोलून समजावणारं माणूस हवं असतं. मला तुमच्या परीक्षेची काळजी वाटते ती यासाठीही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल दोन-तीन गोष्टी. टेक्सासमध्ये या परवान्यासाठी आधी क्लासचे तास सक्तीचे नाहीत. फ्लोरिडात ६० तास लागतात, इलिनॉयमध्ये प्रत्येक शाखेसाठी २०. इथे सक्ती नाही म्हणून माणूस कमी तयारीने बसतो. सक्ती नसली तरी स्वतःला फ्लोरिडाएवढे तास लावून घ्या. भारतातली एजंट होण्याची आयसी-३८ परीक्षा आपण मराठीतून दिली, ५० प्रश्न, एक तास, आणि ३५ टक्क्यांना पास. ७० ची परीक्षा ही वेगळ्याच मापाची आहे. त्यात ६६ मिळवलेत म्हणजे आधी फारशी तयारी नसताना बरंच मिळवलंत.

अभ्यासक्रमाची रूपरेषा परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यूच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. कोणत्या विभागावर किती प्रश्न, ते त्यात लिहिलेलं असतं. ती छापून घ्या आणि गुणपत्रकाशी ताडून बघा, म्हणजे वेळ कुठे घालायचा ते आपोआप ठरेल. एका वहीचे दोन रकाने करा, ‘तिकडे’ आणि ‘इकडे’. वर सांगितलेल्या प्रत्येक फरकाची नोंद त्यात करा. तुमच्यासाठी ही वही कुठल्याही विकतच्या पुस्तकाहून मोलाची ठरेल. समजून घेताना खुशाल मराठीत बोला, मुलीला समोर बसवून समजावा, फक्त संज्ञा इंग्रजीच राहू द्या, कारण पेपरात ती तशीच येणार. सराव प्रश्नांत ‘खालीलपैकी कोणतं नाही’ आणि ‘हे सोडून’ अशा प्रश्नांना वेगळी खूण करा. तुमच्या चुका तिथेही असतील, कारण पहिला खरा पर्याय दिसला की हात थांबतो. अशा प्रश्नात चारही पर्यायांसमोर मनात खरं-खोटं म्हणा आणि मगच निवडा.

ती पीडीएफ काढून टाका, ताई. खरे प्रश्न असतील तर ते बाहेर सांगणं हे परीक्षेच्या नियमांचं उल्लंघन आहे, आणि परवाना मिळायच्या आधीच आपलं नाव त्यात कशाला? खरे नसतील तर वेळ वाया. रीतसर विकत मिळणारे सराव संच जरूर घ्या, पण तोच संच तिसऱ्यांदा सोडवून ९५ मिळाले तर त्याला तयारी समजू नका. कोऱ्या, न पाहिलेल्या संचात आयुर्विमा आणि आरोग्य दोन्हींमध्ये वेगवेगळे ८० च्या वर गुण सलग काही वेळा पडले, तरच तारीख घ्या.

आता थोडं अवघड बोलते. पत्रात तुम्ही ‘तिसऱ्यांदा बसू का’ विचारलंय, पण परवाना कशासाठी हवा हे एका ओळीतही लिहिलेलं नाही. त्या बाईंची टीम मात्र अर्ध्या पानावर आहे. त्यांनी तुमच्याकडून ओळखीच्या माणसांची यादी आधीच मागितली आहे आणि सामील होण्याची फी भरायला सांगितली आहे, हे वाचून मला काळजी वाटली. टेक्सासमध्ये परीक्षेला बसायला कुणाच्या टीमची गरज नसते. तुम्ही स्वतः नाव नोंदवून बसू शकता, तशा बसलातही. पास झाल्यावर विकायला कंपनीची नेमणूक लागते, पण ती कुठली हे निवडायचा हक्क तुमचा आहे. त्यांना लेखी विचारा: कमिशन किती आणि कोणत्या वर्षापर्यंत? पॉलिसी लवकर बंद पडली तर कमिशन परत घेतात का? मी टीम सोडली तर माझे ग्राहक आणि नूतनीकरणाचं कमिशन कुणाचं? उत्पन्न पॉलिसी विकून होतं की माणसं जोडून? उत्तरं तोंडीच मिळाली, किंवा ‘आधी ये तर खरं’ असं ऐकू आलं, तर थांबा. डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर नाव टाकून त्यांचा स्वतःचा परवाना चालू आहे का, तेही बघता येतं. यात त्यांचा अपमान नाही. तुम्ही गावात पॉलिसी विकायचात तेव्हा ग्राहकाने तुमचं ओळखपत्र मागितलं असतं, तर तुम्ही दाखवलंच असतं.

व्हिसाचंही सांगते, कारण अशी पत्रं मला इतर घरांतूनही येतात. विम्याचा परवाना मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं होत नाही. एच-४ वरच्या ठरावीक लोकांना २०१५ पासून कामाचं कार्ड मिळू लागलं आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. पण कार्डाची तारीख संपली की कमिशनवरचं कामही थांबवावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज केलाय म्हणून मुदत आपोआप वाढेल, असं धरून चालू नका. ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांनी ‘परीक्षा तर देऊन ठेवू, पॉलिसी नवऱ्याच्या किंवा मैत्रिणीच्या नावावर टाकू’ हा विचार मनातही आणू नये. तुमचं कार्ड कधी संपतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. नवीन ग्राहक घेण्याआधी या विषयाच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

पर्यायांकडे येते. टेक्सासमध्ये फक्त आयुर्विम्याचा स्वतंत्र परवानाही आहे. तो घेतलात तर आरोग्याचा भाग सुटतो आणि तुम्ही लवकर पास व्हाल असं मला वाटतं. पण मग मेडिकेअर, घरची आरोग्य योजना, अपंगत्वाचा विमा यांवर प्रश्न आला की तुम्हाला हात जोडावे लागतील. दुसरा रस्ता घर आणि गाडीच्या विम्याचा. त्याची परीक्षा वेगळी आहे. उत्तर टेक्सासात गारपिटीने छपरं फुटतात, घराघरात क्लेम होतात, आणि गाडीचा विमा तर सक्तीचाच. या क्षेत्रात स्थानिक एजन्सींमध्ये पगारी कामही मिळू शकतं, आणि पहिल्या वर्षी कमिशनवर जगण्यापेक्षा ते घराला परवडतं. तिसरा रस्ता म्हणजे हीच परीक्षा, दीड-दोन महिने नीट अभ्यास करून. मला हाच बरा वाटतो, पण एका अटीवर: परवाना मिळाल्यावर पहिलं वर्ष एखाद्या अनुभवी एजन्सीत पगारावर घालवायचं, टीम-बीमच्या मागे लागायचं नाही. गुंतवणुकीशी जोडलेल्या व्हेरिएबल पॉलिसींचा मोह कुणी दाखवला तर त्याला वेगळी नोंदणी आणि वेगळी परीक्षा लागते, तेव्हा ते तूर्त बाजूला ठेवा.

पतीचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. दर वेळची फी, पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे तुमचा उतरलेला चेहरा त्यांना दिसतो. त्यांच्याशी आकड्यांत बोला. या वेळी किती खर्च, किती आठवडे, आणि तिसऱ्यांदाही नाही झालं तर गाडी-घराच्या विम्याकडे वळायचं, हे आधीच दोघांत ठरवा. शिवाय त्यांची नोकरी उद्या दुसऱ्या राज्यात गेली तरी मेहनत वाया जात नाही हेही सांगा. एका राज्याचा परवाना असला की नव्या राज्यात ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास साधारणपणे पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.

तारीख घेताना नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर घाला. आपल्या बायकांची नावं पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरी आणि ईमेलमध्ये तिसरी असतात, आणि नाव जुळलं नाही म्हणून केंद्राच्या दारातून परत पाठवलं तर फीही बुडू शकते. पास झाल्यापासून वर्षाच्या आत परवान्याचा अर्ज करायचा असतो. अर्जाचे ५० डॉलर आणि बोटांच्या ठशांचा खर्च वेगळा. नंतर दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण. अर्जात मागच्या पाच वर्षांच्या कामाचा तपशील विचारतात, तिथे एलआयसीची एजन्सी तारखांसकट लिहा. एजन्सी तुम्ही स्वतः सोडली असं शाखेचं पत्र जवळ नसेल, तर ते आत्ताच भावाकरवी मागवून ठेवा, कारण त्याला वेळ लागतो.